पथ्य तिचं, शर्ट माझे

बायकोच्या हातांचं पथ्य मी अकरा वर्षं पाळलं. म्हणजे तिला पाळायला लावलं. मी स्वतः काहीच सोडलं नाही, आणि जी एक गोष्ट सुटली असती तर तिचे हात बरे झाले असते ती माझ्याच अंगावर होती. रोज संध्याकाळी मी ती अंगावरून काढून मोरीत टाकायचो आणि वर तिलाच दरडावून विचारायचो, आज काय खाल्लंस?

मी नंदुरबारात मिरचीच्या पथारीवर देखरेखीला होतो. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, जिथे ओली लाल मिरची वाळत घालतात. ती थंडीतली. मागे शेठचीच पावडरची चक्की होती, ती बाराही महिने चालायची. शेठ मूळचे राजस्थानकडचे, दोन पिढ्यांपासून इथलेच झालेले. ते गादीवर बसायचे, मिरचीत मी. तीस वर्षं त्या उधळीत उभं राहून माझं अंग असं काही मुरलं होतं की मला शिंकही येत नसे. नवा माणूस चक्कीत शिरला की खोकत बाहेर पळायचा आणि मी हसायचो. मला त्याचा मोठा माज होता. तोच माज घेऊन मी घरी यायचो.

घरी आलो की दारातूनच सरळ मोरीत जायचं आणि शर्ट काढून टाकायचा, कारण तो शर्ट खुंटीला अडकवला तर घरभर ठसका लागे. बायको तो लगेच धुवायला घ्यायची. वाशिंग मशीन माझ्या मनात कधी आलंच नाही, आणि तिने मागितलंही नाही. कडकडीत पाण्यात भिजवायचं, साबणाची निळी वडी लावायची आणि कॉलर, बाह्या, काखा नुसत्या तळव्यांनी चोळायच्या. मोरीतून लाल पाणी वाहायचं. हे मी वर्षानुवर्षं रोज पाहिलं आहे. डोळे होते, पाहत होतो, कळत काही नव्हतं. पुढे कळलं तेव्हाही मी न कळल्यासारखंच केलं, पण ते पुढे येईल.

मुलं शिकायला बाहेर गेली त्या वर्षी तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. आधी बारीक पुटकुळ्या, मग त्यांतून पाणी, मग खपल्या, आणि थंडी आली की तळव्यांना अशा भेगा की भाकरी थापताना पिठात रक्ताचे ठिपके पडत. झोपेत ती हात चादरीवर घासायची. सरकारी दवाखान्यात इसब म्हणाले आणि एक ट्यूब दिली. ट्यूब असेपर्यंत बरं, संपली की पुन्हा तेच.

मग माझं डोकं चालायला लागलं. पथारीवर ज्याला विचाराल त्याच्याकडे उपाय होता. एकाने सांगितलं, वांगं बंद करा. दुसरा म्हणाला, उडीद वाईट. कोणी दही, कोणी शेंगदाणे, कोणी गूळ, कोणी आंबा. मी कोणालाच नाही म्हटलं नाही. सगळं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून काढलं आणि ते स्वयंपाकघरात, चुलीसमोर तिला दिसेल असं टांगलं. तिखट तर बंदच. ज्या गावात मिरचीशिवाय माणसाची ओळख नाही, ज्या मुलखात वांग्याच्या भरतावाचून आणि कळण्याच्या भाकरीवाचून जेवण होत नाही, तिथे ती अकरा वर्षं मुगाचं पाणी आणि ज्वारीची भाकरी खात बसली. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, म्हणून तीही गेली. माझ्यासाठी मात्र भरीत व्हायचं. वांगी तीच भाजायची, तीच सोलायची, मिरची तीच ठेचायची. मी समोर बसून मिटक्या मारत खायचो आणि तिला सांगायचो की मनावर ताबा पाहिजे.

संध्याकाळचा चहा झाला की तपासणी. ट्यूबलाइटखाली ती उभी राहायची आणि मी म्हणायचो, "हात दखाड." म्हणजे हात दाखव. ती दोन्ही तळवे पुढे करायची. एखादी नवी भेग दिसली की माझी उलटतपासणी सुरू. काय खाल्लं, कोणाकडे खाल्लं, खरं सांग. एकदा तिच्या पदराच्या गाठीत शेंगदाण्याची लाल सालं सापडली. चार दाणे खाल्ले असतील बिचारीने. मी ती सालं तिच्याच तळव्यावर ठेवली आणि पाहुण्यांसमोर तिला तसं उभं केलं. म्हटलं, बघा, आम्ही मर मर मरतो आणि ह्या बाईला जिभेचे चोचले. पाहुणे हसले. एक बाई हसली नाही, पण बोललीही नाही. मला वाटलं, आपण किती काळजी घेतो बायकोची. हे लिहितानासुद्धा माझं मलाच नवल वाटतं, की त्या दिवशी मी पोटभर जेवलो कसा.

वर करंजाचं तेल. ते भेगांत झोंबतं. ती तोंडात पदराचा बोळा धरून बसायची आणि मी चोळायचो, चांगला दाबून. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवत, पण ती कुंकू लावायला पुढे झाली की कपाळ मागे घेत. ह्याचा राग मी त्यांच्यावर नाही काढला. तिच्यावर काढला. पथ्य मोडतेस म्हणून चारचौघांत ही वेळ येते, असं सुनावलं.

तिचं माहेर प्रकाशाचं. नंदुरबाराहून बसने तासाभराची वाट. तिथे तिची म्हातारी आई, धाकटा भाऊ, तापीकाठाला थोडी शेती. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. चाळिशीची असो की साठीची, माहेर आहे तोवर भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो आणि बहीण त्याच्याबरोबर निघते. निंबाच्या फांदीला झोके, गौराईची गाणी, आमरस, खापरावरचे मांडे. माझी बायको पूर्वी मांड्यांत हुशार होती. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत ती कोपरापर्यंत पसरायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. लग्नघरी तिला बोलावणं यायचं. हात खराब झाल्यावर कोण बोलावतं. आणि पथ्य मोडेल म्हणून आखाजीचं माहेरही मी बंद केलं. पहिली दोन वर्षं ती रडली, नंतर रडली नाही. ती सवयीला लागली असं मला वाटलं.

एका वर्षी तिची आई अंगणात पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हा नाही म्हणता आलं नाही. बायको बावीस दिवस प्रकाशाला राहिली. मी इथे डबा आणवत होतो आणि शर्ट परटाकडे टाकत होतो. तेविसाव्या दिवशी ती आली. मी तिला बसूही दिलं नाही, आधी हात दखाड म्हटलं.

तळवे स्वच्छ होते. बेचक्यांत काही नाही, खपली नाही, भेग नाही. कातडी थोडी गुलाबी, नवी. लग्नात पाहिले होते तसे हात.

आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला. कारण तिने तिथे वांगं खाल्लं होतं, आंबा खाल्ला होता, शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती, आणि हे लपवायचं सोडून ती सरळ सांगत होती. माझं कॅलेंडर चुलीसमोर तसंच लटकत होतं. वर सासूने तिच्या भावाकडून निरोप पाठवला होता, की जावयाला म्हणावं, माझ्या पोरीचे हात एकदा डोळे भरून बघा. ते मला लागलं. म्हातारी अंथरुणावर पडून माझी जिरवते आहे असं वाटलं.

मी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, की हे तापीच्या पाण्याने झालं. प्रकाशाला तापी आणि गोमाई मिळतात, लोक लांबून तिथे अंघोळीला येतात, पाण्यात गुण असणारच. आमच्या नळाच्या पाण्यात नाही. झालं. ओळखीच्या कंडक्टरला सांगून मी आठवड्याला दोन कॅन तापीचं पाणी मागवायला लागलो. बसच्या मागच्या सीटखाली कॅन यायचे. बायकोने सकाळ-संध्याकाळ त्या पाण्यात हात बुडवून बसायचं आणि मग तेच हात नळाच्या गरम पाण्यात घालून माझे शर्ट धुवायचे. पथारीवर मी हे सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो. कोणी हसलं नाही. दोघांनी तर आपल्या घरीही कॅन मागवले.

तिला मात्र कळलं होतं. एका संध्याकाळी ती कॅनशेजारी बसली होती, हात पाण्यात, आणि माझा शर्ट बाजूला पडलेला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी नही. तठे धुनं नव्हतं." तिथे धुणं नव्हतं. तिथे भावजय धूत होती आणि त्या घरात मिरचीचा शर्ट नव्हता.

मला त्याच क्षणी कळलं. लख्ख कळलं. मी कबूल करतो, कारण आता करून कोणाचं काही बिघडत नाही. मोरीतलं लाल पाणी, तिचे तळवे, बावीस दिवस, सगळं एका जागी आलं. आणि मी म्हटलं, "मंग मी उघडा फिरू का?"

मी उठून शर्टावर पाणी ओतलं, म्हणजे तो भिजत पडेल आणि ती तो धुवेल. तिने धुतला. पंधरा दिवसांत भेगा परत आल्या. मी म्हटलं, आंब्याचा गुण उशिरा बाहेर पडतो.

पुढच्या आखाजीला भाऊ मुराळी होऊन आला. आदल्या वर्षापासून सासूने अंथरूण सोडलं नव्हतं आणि आता ती जेवतही नव्हती. भावाने ओट्यावर बसून हळू आवाजात सांगितलं, की आई सारखी तिचंच विचारते. फार दिवस नाहीत. एकदा येऊ द्या, दोन दिवस, वाटलं तर मी संध्याकाळी परत आणून सोडतो. बायको आत होती. तिने पिशवी आधीच भरून ठेवली होती, मला न विचारता. दारातून मला ती पिशवी दिसत होती. आणि तिनेच भाऊ बोलावला असणार ह्या विचाराने माझं डोकं फिरलं.

मी तिला बाहेर बोलावलं आणि भावासमोर हात दाखवायला लावले. ते भेगाळलेले, ओले हात. म्हटलं, हे बघ, तुमच्याकडे राहून आली त्याचं हे फळ. पुन्हा तिथे पाठवू? आईला सांग, हात बरे झाले की येईल.

भाऊ गरीब स्वभावाचा. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहा अर्धा ठेवला आणि आंब्यांची पिशवी ओट्यावरच सोडून गेला. मुराळी बहिणीशिवाय परत जातो तेव्हा गल्ली बघते. सगळ्यांनी बघितलं. बायकोने आत जाऊन पिशवीतल्या साड्या काढून कपाटात ठेवल्या, एकेक, घडी न मोडता. संध्याकाळी माझा शर्ट धुतला.

अकराव्या दिवशी सासू गेली.

आम्ही सकाळच्या बसने प्रकाशाला पोचलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. आईला शेवटची अंघोळ घालायची होती. त्यात लेक हवीच. माझी बायको पदर खोचून पुढे झाली, तांब्या उचलायला हात केला. घरातल्या एका म्हाताऱ्या चुलतीने तिचं मनगट धरलं. हातांतून पाणी येत होतं, दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. चुलती वाईट बोलली नाही. तू राहू दे बेटा, एवढंच म्हणाली, हे हात नको लावू तिला. बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मग सुनेने अंघोळ घातली, शेजारणींनी घातली. लेक तुळशीपाशी उभी राहून बघत होती. तिचे हात तिने पोटाशी धरले होते, जसं कोणाचं तरी दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिलं असावं.

मी पुरुषांत उभा होतो. माझ्या अंगात पांढरा सदरा होता, तिनेच धुतलेला. त्या क्षणी मला ओरडून सांगता आलं असतं, की ह्या हातांना रोग नाही, हे माझ्या शर्टांचं काम आहे, लावू द्या तिला हात. सांगितलं नाही. लोक काय म्हणतील ह्याची लाज वाटली. मेलेल्या बाईची वाटली नाही आणि जिवंत बाईची तर त्याहून नाही.

नंतर मी तिला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. कशाने नेलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिने जेवण जवळजवळ सोडलं होतं, आणि संध्याकाळी मी काही म्हणायच्या आत ती स्वतःहून ट्यूबलाइटखाली येऊन हात पुढे करून उभी राहत होती. ते बघवेना.

डॉक्टर तरुण बाई होती. मी कॅलेंडर गुंडाळून नेलं होतं. तिने ते उघडलं, वाचलं, परत गुंडाळलं आणि मला दिलं. विचारलं फक्त हातांचं. दिवसभर काय काय करता? भांडी कशाने घासता? पाणी किती गरम? कपडे कोण धुतं, कोणाचे? बायको म्हणाली, मीच, ह्यांचे. हे काय करतात? मिरचीच्या चक्कीवर असतात.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग सावकाश समजावलं. हा इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ह्या हातांना खाण्याने काही झालेलं दिसत नाही, सगळं खा. मिरचीची धूळ, वडी आणि कडक पाणी ह्यांनी कातडीचं वरचं कवच रोज सोललं जातंय. ते भरून यायला वेळ द्यायचा. कपड्यांना हात लावायचा नाही. भांड्यांना आतून सुती आणि वरून रबरी मोजे. पाणी कोमट. हात धुतले की टिपून, ओलसर असतानाच मलम, दिवसातून कितीही वेळा. नखं बारीक. लसूण, मिरची उघड्या हाताने नाही. महिनोन्महिने, न चुकता. पुन्हा उठलं तर घाबरायचं नाही, पुन्हा हेच.

आणि विचारलं, मग मिरचीचे कपडे आता कोण धुणार?

मी म्हटलं, मी.

डॉक्टरला फार बरं वाटलं. असे नवरे कमी असतात, म्हणाली. बायको समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून शर्ट मी धुतो. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांच्या बेचक्यांत आग झाली. तीस वर्षं मिरचीत मुरलेलं अंग, पण भिजलेली मिरची कधी चोळलीच नव्हती ना. मी तिला हात दाखवायला गेलो, की बघ, मलाही. तिने बघितलं आणि स्वतःच्या मोज्यांची जोडी माझ्यापुढे ठेवली.

चारेक महिन्यांत तिचे हात निवळले. थंडीत थोडं उठलं, मलमाने बसलं. कॅलेंडर मी चुलीत घातलं. ती वांगं खायला लागली, पण माझ्यासमोर नाही. मी उठलो की ताट घेते.

ह्या आखाजीला मी सकाळीच म्हटलं, माहेरी जाऊन ये, पाहिजे तितके दिवस रहा. ती म्हणाली, कोणाकडे? मग माळ्यावरून खापर काढलं, धुतलं आणि मांडे करायला बसली. इतक्या वर्षांनी. उंडा हातांवर पडला आणि तिला सगळं आठवलं. मनगटावरून कोपरापर्यंत मांडा पसरत गेला, इतका पातळ की त्यातून चुलीचा जाळ दिसत होता. मी दारात उभा राहून बघत होतो. मला रडू आलं, खरंच आलं.

जेवण झाल्यावर ती हात पुसत होती. मी जवळ गेलो. तपासायला नाही. मला नुसतं बघायचं होतं, इतकंच. माझ्या तोंडून मात्र तेच जुने शब्द आले, "हात दखाड."

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"जिले दखाडना व्हतात, ती गई."

जिला दाखवायचे होते, ती गेली. हे ती रागाने म्हणाली नाही. भाजी संपली असं सांगावं तशी म्हणाली, आणि खापर उतरवायला गेली. मोरीत कालचा शर्ट भिजत पडला होता. तो धुतला. कॉलर दोनदा घासावी लागते, एकदा घासून लाल जात नाही.